सुगंधाचं वय

चित्रातली माणसं म्हातारी होत नसतात असं कुणी पद्मावती खवणेकरला सांगितलं, की ती आधी चष्मा काढते, पदराला पुसते, परत डोळ्यांवर चढवते आणि विचारते, "कोणी ठरवल्यान ता?" तीस वर्षांत या प्रश्नाला कुणाकडून उत्तर आलेलं नाही. आणि पद्मावतीसुद्धा अशी, की उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे बघत राहते. निम्मी माणसं तेवढ्यानेच उठून जातात.

मिठबावात तिचे वडील होड्यांवर नावं रंगवायचे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकल्या, की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा आणि पोर डबा धरून मागे. अक्षराला पोट कुठे द्यायचं, मान कुठे मोडायची, हे ती पाटीवर अ काढायच्या आधी शिकली. पुढे होडीला बाईचा हात लागायचा नाही म्हणून मोठ्या झालेल्या पद्मावतीला किनाऱ्यावरून घरी पिटाळलं, तेव्हा ती घरच्या भिंतींवर सुटली. भिंती संपल्यावर लग्न झालं. नवरा बाळा खवणेकर एसटीत कंडक्टर. शांत माणूस. बायकोने स्वयंपाकघराच्या दारावर पापलेट काढलं तरी तो म्हणायचा, बरो दिसता.

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास गावातल्या बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर तिने एक मासेवाली काढली. कमरेवर हात, केसांत अबोलीचा वळेसर, आणि मासा दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ती बजावतेय: हात लावू नको, नुसता बघ. भिंतीपुढे माणसं उभी राहून हसायची. मालवणात ‘काठावरून’ नावाचं साप्ताहिक चालवणारे भाई परुळेकर एकदा तिथून जाताना थांबले, हसले, गेले. आणि तीन वर्षांनी, कुणाला आठवण नसताना, पंचाण्णव साली पत्ता शोधत घरी आले. म्हणाले, ती भिंतीवरची बाई मला दर गुरुवारी हवी.

अशी ‘सुगंधा इली’ सुरू झाली. चार चौकटी, शेवटच्या पानावर. मासेवालीचं नाव सुगंधा ठेवलं म्हणून पहिला आठवडाभर बाजारात हशा चालला. सुगंधा तीस वर्षांची, तोंडाने तिखट. तिचा नवरा परशुराम, महिन्यातून एखादं वाक्य बोलणारा. सासू आवा. शेंबडा मुलगा बाबू. आणि टोपलीखाली बसलेला एक बोको, जो कधीच बोलत नाही पण सगळं बघतो.

पहिली नारळी पौर्णिमा आली तेव्हा भाईंनी काहीतरी खास काढ म्हणून निरोप धाडला. पद्मावतीने सुगंधाला समुद्राला नारळ देताना दाखवलं आणि तिच्या तोंडी घातलं, की नव्या हंगामाबरोबर मला एकतिसावं लागलं. वाचणारे हसून मोकळे झाले. पद्मावती मात्र हसली नाही. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. त्या वर्षापासून दर नारळी पौर्णिमेला सुगंधाचं वय एकाने वाढायला लागलं, आणि हे नुसतं आकड्यात नव्हे. पौर्णिमेच्या आधी आठ दिवस पद्मावती बाजारात जाऊन सुगंधाच्या वयाच्या बाईशेजारी बसायची. कापताना हाताची शीर कुठे वर येते, वाकताना हात आधी गुडघ्यावर जातो की कमरेवर, हसताना गालाला पहिली घडी कुठे पडते, ते बघायची. आणि सगळं बघून झालं की त्यातली एकच रेघ घरी आणायची. वर्षाला एक रेघ. त्याहून जास्त दिली तर बाईवर अन्याय होतो, असं तिचं म्हणणं.

वाचणाऱ्यांना हे कळायला चार-पाच वर्षं लागली. मग ज्याला त्याला चेव आला. आवा सत्त्याहत्तर वर्षांची होऊन गेली तेव्हा घरोघरच्या म्हाताऱ्यांना वाईट वाटलं. बाबूला मिसरूड फुटली, तो गोव्याला हॉटेलात लागला, तेव्हा दोडामार्गाच्या एका बाईंनी कळवलं की आमचो झीलही थयच आसा, जेवणाची आबाळ होता म्हणून सांगा. जणू पद्मावती त्याला डबा पोचवणार होती. टोपली गेली, बर्फाची पेटी आली. सुगंधाची कंबर गेली ती गेलीच. वालावलच्या एका निवृत्त मास्तरांनी मात्र खरी शंका काढली. सगळ्यांची वयं वाढतात, मग बोको वीस वर्षं तेवढाच कसा? पद्मावतीने पुढच्याच गुरुवारी उत्तर दिलं, की हा त्याचा नातू आहे, तुम्ही मास्तर असून तोंडावळा बघितला नाहीत. मास्तरांनी माफी मागितली. असली माणसं आमच्याकडे, काय करणार.

पण खरी गंमत झाली दोन हजार नऊ साली. गंमत कसली, फयान वादळ ते. त्या नोव्हेंबरात किनाऱ्यावरची कितीतरी घरं दर्यात गेलेल्या माणसांची वाट बघत दाराशी बसून राहिली. पद्मावतीला चार चौकटींत विनोद सुचेना. तिने ठरवलं, आपल्या चित्रातल्या घरचा माणूसही त्यांच्याबरोबर जायला हवा. परशुराम होडी घेऊन गेला तो परत आला नाही. आणि पुढच्या आठवड्यात तिने सुगंधाचं कपाळ मोकळं दाखवलं.

तिथे तिने माती खाल्ली. शुक्रवारी सकाळी तिच्या अंगणात बाजारातल्या नऊ बायका. सगळ्यात पुढे तुळसा, मिठबावचीच, बांगडा विकणारी, स्वतः चार वर्षांपूर्वी रांडावलेली. परशुरामाचा मडा गावला काय? नाही ना? मग कुंकू कुणाला विचारून पुसलंस? समुद्रात गेलेला माणूस सापडला नाही, तर बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि तोवर त्याची बायको सवाशीण. हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, आणि तू होड्या रंगवणाऱ्याची लेक असून आठ दिवसांत बाईला विधवा करतेस? पद्मावती कुणाला सहसा सॉरी म्हणत नाही. त्या दिवशी म्हणाली. पुढच्या गुरुवारी सुगंधाच्या कपाळावर कुंकू परत आलं, आणि ती आरशात बघून बोलली, "पद्मान घाई केल्यान."

मग बारा वर्षं मोजली गेली. मोजणारी पद्मावती एकटी नव्हती. मधल्या काळात तेरा साली बाळा खवणेकर झोपेतच गेला आणि पद्मावतीचं स्वतःचं कपाळ मोकळं झालं. तेव्हा बायका येऊन बसल्या, रडल्या, चहा करून पाजला, आणि जाताना एकीने हळूच विचारलं की सुगंधाची अजून आठ रवली ना?

एकवीसचा नोव्हेंबर आला. सुगंधाने पुतळ्याला अग्नी दिला. तीन चौकटी तशाच गेल्या, एक शब्द नाही. चौथ्या चौकटीत पद्मावतीचा ब्रश सुगंधाच्या कपाळापाशी थांबला आणि दोन दिवस थांबून राहिला. आता पुसायला कुणाची हरकत नव्हती. शास्त्र झालं, बारा वर्षं झाली. पण बारा वर्षं रोज सकाळी ही बाई कुणाला विचारून कुंकू लावत होती? नवरा तर नव्हताच. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या आरशात, बाजाराला निघताना लावत होती. ते आता त्या गवताच्या पुतळ्याबरोबर जाळायचं? पद्मावतीला संताप आला. तिने कुंकू ठेवलं, नेहमीपेक्षा जरा मोठंच काढलं, आणि खाली लिहिलं: "परशुराम गेलो. कपाळ माझा आसा."

काय गहजब झाला म्हणता! भाईंच्या कचेरीत पत्रांचा ढीग. धर्म बुडाला, संस्कृती बुडाली, अंक बंद करतो. भाई फोनवर म्हणाले, पद्मा, मी तुला तीनच गोष्टी विचारतो: चूक छापलंय का, कुणाची नालस्ती केलीय का, पुढच्या आठवड्याचं चित्र तयार आहे का. पहिल्या दोन्हींना नाही आणि तिसरीला हो म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. असा संपादक पुन्हा होणे नाही.

आणि त्या पुढच्या सोमवारी तुळसा बाजारात आली ती कपाळावर बारीकशी टिकली एवढं कुंकू लावून. सोळा वर्षांनी. दिराने बोलणं टाकलं. मुलगा दत्तप्रसाद गोव्याहून गणपतीला आला नाही. तुळसा म्हणाली, नाय तर नाय, मोदक कमी करूचे लागतले. जो विचारी त्याला ती एकच सांगायची, सुगंधा लायता म्हणान मी लायतंय, तिका विचारा. मिठबावात, आचऱ्यात, देवगडात मिळून अशा सात जणी झाल्या. सातच. पण सातही जणींना घरात कुणी काही बोललं, की त्या शेवटचं पान पुढे करायच्या. दत्तप्रसादही पुढच्या गणपतीला निमूट आला आणि पोटभर जेवला.

भाई गेले तेविसात. पेपर मुलाकडे आला. विनीत वाईट पोरगा नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही त्याला शिव्या द्याल. पुण्याला शिकून आलेला, हुशार, वाकून नमस्कार करणारा. पण त्याने हिशेब मांडला की मालिकेला तीस वर्षं झाली, पर्यटक येतायत, आणि शेवटच्या पानावर साठीची, जाडीभरडी, चष्म्याला दोरा बांधलेली विधवा. तो मिठबावला आला, दोन कप चहा प्यायला आणि म्हणाला, काकी, आपण सुगंधाला परत पहिल्या वर्षातली करू या. तीस वर्षांची. अबोली, कमरेवर हात, शेजारी परशुराम. लोक फोनवर पाठवतील, कपांवर छापतील. जगात कुठेही बघा, चित्रमालिकेतली माणसं म्हातारी होत नसतात.

पद्मावतीने चष्मा काढून पुसला आणि आपला प्रश्न विचारला. विनीत उठून मात्र गेला नाही. आजकालची मुलं उठत नाहीत. तो समजावत राहिला. परशुराम मेला हे आता कुणाच्या लक्षात आहे? पद्मावती म्हणाली, सात जणींच्या. त्याला ते कळलं नाही. तिने समजावलं नाही. एवढंच सांगितलं, की मी काढायची तर साठ वर्षांचीच, आणि येत्या पौर्णिमेला एकसष्टची.

मग त्याने त्याचं केलं. नावाचा हक्क पेपरचा, असा एक कागद भाईंच्या जुन्या फायलीत होताच. जुनी चित्रं घालून कॉम्प्युटरकडून नवी सुगंधा काढून घेतली. नमुना फोनवर आला. चित्र खोटं दिसत नव्हतं, हेच वाईट. अबोली होती, तिखट डोळे होते, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि खांद्यामागे परशुराम धडधाकट उभा, जणू सोळा वर्षं शेजारच्या गावात पत्ते खेळायला गेला होता. खाली मजकूर: तीस वर्षांच्या कार्यक्रमात पडदा आपल्या हस्ते, शाल-श्रीफळ देऊन आपला सत्कार, आणि त्यानंतर आपण विश्रांती घ्यावी ही विनंती.

विश्रांती! पद्मावतीने फोन पालथा घातला आणि जाहीर केलं की ती त्या कार्यक्रमाच्या वाटेलाही जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी तुळसा आली. तिने फोनवरचं चित्र लांब धरून, जवळ धरून बघितलं. तिचा दीर ते चित्र बाजारात कुणाच्या तरी फोनवर आधीच बघून आला होता आणि चार वर्षांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलला होता. काय बोलला? की बघ, तुझ्या सुगंधाला पण शेवटी घोव आणूचो लागलो, तेव्हा कुठे कुंकू शोभला. तू आता कुणाचं पान पुढे करशील? तुळसा हे सांगताना रडली नाही. पण तिचा हात दोनदा कपाळाकडे गेला आणि दोनदा खाली आला.

पद्मावतीने तोंड सोडलं. विनीतला, कॉम्प्युटरला, दिराला, सगळ्यांना. मी भिंतीवर काढीन, होडीवर काढीन, दुसरा पेपर काढीन. तुळसाने तिला बोलू दिलं, सगळं बोलून होईपर्यंत. मग तिने विचारलं.

"ता सगळा ऱ्हवांदे. तू कित्याक नाय लायत?"

पद्मावतीला आधी कळलंच नाही.

"सुगंधा कागदाची," तुळसा म्हणाली. "तिका कोण दीर नाय, कोण झील नाय. तिका तू लायलंस. तिच्याकडे बघून आमी लायलंव. आणि तुझा कपाळ बारा वर्सां मोकळा. आमी कोणाक कधी बोलाक नाय. पण बघतंव आमी."

तीस वर्षं बाजारात बसून दुसऱ्या बायकांच्या रेघा टिपणारी ही बाई, आणि आपल्याकडे कुणी बघत असेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. तिला शरम वाटली. मग शरमेचा राग आला, आणि राग आला तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. तुळसाला दारापर्यंत पोचवताना ती म्हणाली, कार्यक्रमाला जाऊ या, तू पण चल, आणि बाकीच्यांना सांग.

कार्यक्रम मालवणात, एका हॉलमध्ये, सकाळी अकराला. व्यासपीठावर पाच खुर्च्या: सरपंच बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका, एक बँकेचे साहेब, विनीत आणि मधोमध पद्मावती. मागे सहा फुटी चित्र, पडद्याने झाकलेलं, दोरी तिच्या उजव्या हाताशी. समोर दोनशे माणसं. शेवटच्या रांगेत, बाजार उरकून तशाच आलेल्या, तुळसा आणि सहा जणी.

विनीतची बायको दिव्या स्वागताला आली. हातात थाळी, त्यात हळदीकुंकू, गुलाबाची फुलं. गोड मुलगी. तिने सरपंच बाईंना हळदीकुंकू लावलं, फूल दिलं. मग पद्मावतीसमोर आली, छान हसली, थाळी अंमळ बाजूला केली, हातात गुलाब ठेवला आणि मुख्याध्यापिकांकडे वळली. त्यात काडीचा वाईटपणा नव्हता. एवढ्या सफाईने झालं की हॉलमधल्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. बारा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, प्रत्येक गणपतीत असंच सफाईने झालं होतं, आणि पद्मावतीने दरवेळी गुलाब घेऊन थँक्यू म्हटलं होतं.

तिने थाळीची कड धरली.

दिव्या थांबली. तिला वाटलं, फूल बदलून हवंय. पद्मावतीने चष्मा काढला, मांडीवर ठेवला, उजव्या हाताचं मधलं बोट कुंकवात बुडवलं आणि कपाळावर टेकवलं. आरसा नव्हता. पण तीस वर्षं कपाळ काढलेला हात तो, बरोबर मध्ये गेला. बोट तिने जरा दाबून फिरवलं, की मागच्या रांगेतून दिसावं. मग रुमालाला पुसलं आणि चष्मा लावला.

बँकेचे साहेब छताकडे बघायला लागले. दिव्याचा चेहरा उतरला, तेव्हा पद्मावतीने तिच्या हातावर थोपटलं आणि खुणेने सांगितलं, जा बाय, पुढे जा. विनीत उठून लगबगीने आला, कानाशी वाकला. काकी, हे काय, लोक बघतायत, पडदा उघडायचाय. समोरचा माइक उघडाच होता. त्यामुळे पद्मावती जे बोलली ते दोनशे माणसांनी ऐकलं, आणि माइक उघडा आहे हे तिला दिसत होतं.

"पडदो तूच उघड रे बाबा," ती म्हणाली. "तुझ्या तरण्या सुगंधाक बघांदे लोक, छाप तिका खुशाल. माझी सुगंधा साठीची. घोव मेल्यावर कुंकू लायता आणि बाजारात बसता. खंयची खरी, ता ह्यांका विचार."

आणि तिने मागच्या रांगेकडे बोट दाखवलं. दोनशे माना वळल्या. तिथे सात बायका एकेक करून उभ्या राहत होत्या, सगळ्यात आधी तुळसा, पदर खोचून, कपाळ वर करून. पुढच्या कोपऱ्यातून एक आठवी उभी राहिली, जिला यांच्यातलं कुणीच ओळखत नव्हतं, आणि थाळी कुठे आहे म्हणून दिव्याला विचारायला लागली.

विनीतचा हात दोरीवर होता. त्याने ती ओढली नाही. पद्मावती आपल्या खुर्चीत ऐसपैस टेकून बसली. तिचा सत्कार अजून व्हायचा होता.